झोहराभाभींचा पुरस्कारप्राप्त फोन

माणसाचं वय जन्मतारखेवरून कळतं. फोनचं वय मात्र तो कोणाच्या हातात आहे यावरून ठरतं. कॉलेजातल्या मुलाच्या हातात जो फोन आठ महिन्यांत म्हातारा होतो, तोच त्याच्या आईच्या हातात आठ वर्षांनीही "चांगला चालतोय की" या अवस्थेत असतो. या चमत्काराचा उलगडा विज्ञानाला अजून झालेला नाही. (विज्ञान सध्या कॅमेऱ्याला चौथं भिंग बसवण्यात गुंतलं आहे.)

खालापूरच्या सिराजभाईंच्या घराने या चमत्काराला शिस्त लावली होती. त्या घरात फोन टाकून देत नसत, त्याची बदली होई. नियम कुठे लिहिलेले नव्हते, पण सरकारी सेवानियमांपेक्षा कडक पाळले जात. नवा फोन आधी धाकट्या झैदकडे रुजू होई, कारण तो खोपोलीला कॉलेजात जातो आणि त्याला प्रोजेक्ट असतात. (कसले, हे विचारायची प्रथा नव्हती.) साधारण अकरा महिन्यांनी फोन अडखळू लागला की तो थोरल्या सलमानकडे जाई. सलमान टेंपोतून गावोगाव कांदे-बटाटे विकतो आणि त्याला रस्ता दाखवायला चांगला फोन लागतो. (तो सहा वर्षं त्याच सात गावांत जातो आहे.) तिथे दोनेक वर्षं काढून फोन सिराजभाईंकडे येई. त्यांचं नाक्यावर मंडपाचं सामान आणि खुर्च्या भाड्याने देण्याचं दुकान आहे. तिथे त्याची तीन वर्षं जात. मग काच तडकली, बॅटरी फुगली, मागचं झाकण रबराने बांधायची वेळ आली, की फोन सन्मानाने झोहराभाभींच्या, म्हणजे सिराजभाईंच्या बायकोच्या हाती सोपवला जाई. सोपवताना मुलांपैकी एकाला एक वाक्य म्हणावं लागे, आणि ते पिढ्यान्‌पिढ्या तेच होतं. पिढ्या फोनच्या.

"अम्मी, तुला काय, नुसता फोन तर करायचाय. घे, चांगला हाय."

झोहराभाभींकडे सध्या जो फोन होता त्याला एकूण नऊ वर्षं झाली होती, पैकी शेवटची तीन त्यांच्याकडे. तो तांदळाच्या डब्याला तिरका टेकवला तरच चार्ज होई. आवाज फक्त स्पीकरवर येई, त्यामुळे घरची खुशाली आळीला वेगळी कळवावी लागत नसे. पडद्याचा वरचा एक तृतीयांश भाग उजळे आणि खालचा तव्यासारखा काळा राही. तरी तो चांगला होता. ही गोष्ट घरातल्या तीन माणसांना मान्य होती आणि चौथीला कोणी विचारलं नव्हतं.

अडचण एवढीच होती की झोहराभाभींची मुलगी नमिरा मस्कतला असते आणि नमिराच्या इक्राला नुकताच अकरावा महिना सरून बारावा लागला होता. नात जन्मली तिथेच, वाढते आहे तिथेच. रोज दुपारी नमिरा व्हिडिओ कॉल करी आणि झोहराभाभींना पडद्याच्या वरच्या तिसऱ्या हिश्श्यात इक्राचे केस आणि मस्कतचा पंखा दिसे. बहुतेक वेळा पंखाच. त्या पंख्याशी त्यांची इतकी ओळख झाली होती, की त्याच्या एका पात्यावर धूळ बसली आहे हे त्यांनीच इथून लेकीला सांगितलं.

आणि एका दुपारी नमिरा ओरडली, "अम्मी, बघ, बघ! चालाय लागली! चार पावलं!"

झोहराभाभी पंख्याला "माशाल्ला" म्हणाल्या.

आता कोणी म्हणेल, घरात आणखी तीन फोन होते. होते. पण इक्रा दुपारी जागी असते, आणि दुपारी एक फोन कॉलेजात, दुसरा टेंपोत, तिसरा दुकानात असे. रात्री तिन्ही फोन घरी येत, पण तेव्हा इक्रा झोपलेली असे. नमिराने चालण्याचा व्हिडिओ पाठवला नव्हता असंही नाही. झैदने त्यावर बदाम टाकला, सलमानने अंगठा टाकला. सिराजभाई तो बायकोला दाखवायला बसले, तेवढ्यात दोनशे खुर्च्यांची ऑर्डर आली. पुढे फोनमध्ये जागा करायची म्हणून त्यांनी व्हिडिओ पुसला आणि संध्याकाळी जेवताना घरात अधिकृत निवेदन केलं, "मी बघितली. चालते."

"मला चालताना बघायचीय," झोहराभाभी म्हणाल्या, "चाललेली नाय."

हा फरक सिराजभाईंना कळला नाही. त्यांनी रस्सा वाढायला सांगितला.

तरी झोहराभाभींनी धीर सोडला नव्हता, कारण त्यांना पद्धत पाठ होती. झैदच्या फोनला पुढच्या महिन्यात अकरा महिने भरत होते, सलमानची दोन आणि सिराजभाईंची तीन वर्षंही तेव्हाच. तो नवा घेणार, सगळे फोन एकेक पायरी उतरणार आणि सिराजभाईंचा, अख्ख्या पडद्याचा, त्यांच्या हातात पडणार. कॅलेंडरवर त्यांनी पेनने बारीक खूण केली होती. नात पळायला लागायच्या आत बदलीचे आदेश निघायला हवे होते.

नेमकं त्याच महिन्यात झैदच्या कॉलेजात 'तालुका दीर्घायुषी फोन समिती' आली. लोक फोन फार लवकर बदलतात, त्याने पृथ्वीचं नुकसान होतं, तरी प्रत्येकाने हातातला फोन निदान चार वर्षं वापरावा, असं समितीचं म्हणणं होतं. म्हणणं अगदी रास्त होतं. सभागृहात शपथ झाली. झैदने उजवा हात पुढे करून शपथ घेतली आणि डाव्या हाताने तिचा फोटो काढला. घरी येऊन त्याने जाहीर केलं, "अब्बा, मी चार वर्षं नवा फोन घेणार नाय."

सिराजभाईंना भरून आलं. सलमानने पाठ थोपटली. झोहराभाभी आत गेल्या आणि कॅलेंडरवरची खूण ओल्या बोटाने पुसून आल्या. पेनची खूण पुसली जात नाही, कागद तेवढा फाटला.

झैदची पृथ्वीबद्दलची कळकळ तिथे थांबली नाही. समितीने 'सर्वाधिक काळ वापरलेला फोन' अशी स्पर्धा ठेवली होती. त्याने अम्मीच्या नावाने अर्ज भरला. तीन परीक्षक घरी येऊन फोन बघून गेले. (तिघांकडे मिळून पाच फोन होते.) त्यांनी रबर ताणून पाहिलं, तांदळाच्या डब्याचं मोजमाप घेतलं आणि शेरा मारला : 'फोनवरील निष्ठा अनुकरणीय.' तालुक्यात आलेल्या चारशे बारा अर्जांतून झोहराभाभींचा पहिला नंबर आला. समितीच्या अहवालात एक तक्ताही होता. त्यात पुरुष फोन सरासरी दोन वर्षं चार महिने वापरतात आणि स्त्रिया सहा वर्षं एक महिना, असं दिसत होतं. स्त्रियांना निसर्गाची ओढ उपजतच असते, असा निष्कर्ष समितीने त्यावरून काढला.

खालापूरच्या एका हॉलमध्ये समारंभ झाला. खुर्च्या सिराजभाईंच्याच होत्या. समितीच्या अध्यक्षा सुप्रियाताईंनी शाल घातली, माइक पुढे केला आणि विचारलं, "झोहराभाभी, इतकी वर्षं फोन कसा जपलात, त्याचं रहस्य सांगा ना सगळ्यांना."

झोहराभाभी खरं बोलणाऱ्या बाई. "मी नाय जपला," त्या म्हणाल्या. "मला दुसरा कोणी दिलाच नाय."

टाळ्यांचा कडकडाट झाला. इतका नम्रपणा हल्ली बघायला मिळत नाही, असं सुप्रियाताई म्हणाल्या. मग त्यांनी बक्षीस दिलं. नवा फोन न घेतल्याबद्दल बक्षीस म्हणून नवा फोन. (समितीने या मुद्द्यावर दोन बैठका घेतल्या होत्या. दुसऱ्या बैठकीत दुसरं काही सुचलं नाही.)

रिक्षातून घरी येईपर्यंतची पंधरा मिनिटं तो खोका झोहराभाभींच्या मांडीवर होता. त्यांनी तो उघडला नाही. खोका उघडायचा मान झैदचा असतो.

घरी चहावर बैठक बसली. शपथेचा प्रश्न होता, पण तो झैदनेच सोडवला. शपथ नवा फोन विकत न घेण्याची होती, मिळालेला न वापरण्याची नव्हती. मग सिराजभाईंनी बदल्या जाहीर केल्या. नवा झैदला, झैदचा सलमानला, सलमानचा आपल्याला आणि आपला झोहराला. झोहराभाभींनी बशीतला चहा तसाच ठेवला आणि हात पुढे केला.

तेवढ्यात प्रमाणपत्राच्या मागे बारीक अक्षरात छापलेल्या अटी झैदच्या नजरेला पडल्या. अट क्रमांक सात : 'पुरस्कारप्राप्त फोन विजेत्याने पुढील तीन वर्षे रोज वापरणे बंधनकारक आहे. दर सहा महिन्यांनी तपासणी होईल. कसूर झाल्यास बक्षीस परत घेण्यात येईल.'

"म्हणजे झोहरा, तू तुझाच वापर," सिराजभाई म्हणाले. "नाय तर पोराचा नवा जाईल."

सिराजभाईंचा जुना फोन त्यामुळे जादा ठरला. पण त्या घरात काही वाया जात नाही. तो सलमानने टेंपोवरच्या भोंग्याला जोडला. अख्खा पडदा, निरोगी बॅटरी, उत्तम कॅमेरा असलेला तो फोन दुसऱ्या दिवसापासून सात गावांत पालथा पडून "कांदेऽ घ्या, बटाटेऽ घ्या" म्हणू लागला. बदल्यांच्या यादीत टेंपोचा भोंगा झोहराभाभींच्या वर गेला. त्या रात्री त्यांना रडू आलं, पण सिराजभाईंना सर्दी वाटली.

मंगळवारी दुपारी ठाकूरवाडीची गोदा रानभाजी घेऊन दारात आली. नमिराचा फोन चालू होता. गोदाने पाटी उतरवली, पदराने मान पुसली आणि थोडा वेळ बघत राहिली.

"भाबी, तू पंख्याशी काय बोलतंस गं?"

झोहराभाभींनी सगळं सांगितलं. गोदाने कमरेची पिशवी सोडली आणि आतून फोन काढला. नवा, अख्खा, काचेवर चरा नसलेला. "लाव हितून लेकीला."

लावला. आधी पंखा आला. मग, खाली, जिथे तीन वर्षं काळोख होता तिथे, इक्रा आली. केस, कपाळ, थेट सिराजभाईंची हनुवटी, आणि पाय. ती उभी राहिली, डुलली, सात पावलं चालली, बसकण मारली आणि आपल्यालाच टाळ्या वाजवल्या. झोहराभाभींनी ओढणी तोंडात धरली.

"बदकावानी चालते गं!" गोदा म्हणाली.

फोन परत देताना झोहराभाभींनी विचारलं, "हा आधी कोणाचा हुता?"

"कोणाचा म्हंजे? माजाच. करवंदं इकून मीच घेतला."

इथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे. गोदाच्या घरात फोनची कसलीच पद्धत नव्हती. उतरंड नाही, बदल्या नाहीत, ज्येष्ठता नाही. जो घेतो तो वापरतो, इतका मागासलेला प्रकार होता.

"मग पोरं मागत नाय तुझ्याकडं?"

"मागतात की."

"मग?"

"मी नाय म्हणते."

संध्याकाळी झैदने नवा फोन अम्मीच्या हातात दिला आणि चार्जिंगला लावायला सांगितला. झोहराभाभींनी तो लावला. तासाभराने झैदने परत मागितला.

"नाय," झोहराभाभी म्हणाल्या.

सेवानियमांत या शब्दाची तरतूदच नव्हती, त्यामुळे पुढे काय करायचं ते घरात कोणालाच कळेना. झैदने अब्बांकडे पाहिलं, अब्बांनी सलमानकडे, सलमानने अट क्रमांक सात पुन्हा काढली. तिच्यात जुना फोन रोज वापरायचा एवढंच होतं. विजेत्याने त्याच्याबरोबर दुसरा वापरू नये, असं कुठेही लिहिलेलं नव्हतं. पहिल्यांदा वाचताना ते कोणाच्या लक्षात आलं नव्हतं, इतकंच. आता झोहराभाभी सकाळी जुन्या फोनवरून दूधवाल्याला हाक मारतात, आणि दुपारी नव्यावर नातीला पळताना बघतात. समितीची तपासणी एकदा होऊन गेली. शेरा 'समाधानकारक' असा आहे.

या यशाने हुरूप येऊन समितीने यंदा कर्जत आणि खालापूर, दोन्ही तालुक्यांत घरोघर अर्ज वाटले आहेत. अर्जात प्रश्न एकच आहे : 'आपल्या आईच्या हातातला फोन तिच्या आधी कोण वापरत होतं?' आतापर्यंत आलेल्या अर्जांपैकी एक्याण्णव टक्क्यांत या रकान्यातलं नाव आणि खाली सही करणाऱ्याचं नाव एकच निघालं आहे. उरलेल्या नऊ टक्क्यांनी 'आठवत नाही' असं लिहिलं आहे. मुदत अजून संपलेली नाही. तुमचा अर्ज यायचा आहे.