सेतुरावांचा पियानो आणि गल्लीचा ताल

आमच्या शेजारच्या सेतुरावांकडे पियानो ऐकायला गेलं, की ते आधी आपल्या दोन्ही हातांत कॉफीचा टंबलर देतात, काठोकाठ भरलेला. हा पाहुणचार नव्हे, बंदोबस्त आहे. हात मोकळा राहिला की तो मांडीवर ताल धरणार, आणि सेतुरावांना त्याचाच तिटकारा.

तंजावरात राजवाड्यामागच्या आमच्या मराठी गल्लीत मूल बोलण्याआधी ताल धरायला शिकतं. आणि सेतुराव वाजवतात ते विलायती, संथ, हळवं. एखाद्या सुरावर रेंगाळायचं, पुढचा येतो की नाही अशी धाकधूक लावायची, मग अलगद उतरायचं. तोवर आमची मंडळी मांडी थोपटत कधीच समेवर पोचलेली असतात. "मात्रा गेली की हो," असं निवृत्त पोस्टमास्तर एकदा म्हणाले, तर त्यांना महिनाभर प्रवेशबंदी. सेतुरावांचं सांगणं एकच, "सुम्मा ऐका." सुम्मा म्हणजे तमिळमध्ये नुसतं, काहीएक न करता. आमच्या गल्लीला नेमकं तेवढंच जमत नाही.

त्यांच्या बायकोला, अंबुजाबाईंना, तर मुळीच नाही. त्या गाण्याच्या शिक्षिका. टंबलर देऊन त्यांना अडवण्याची कोणाची छाती? गेल्या वर्षी सेतुरावांनी बाईंचा ताल धरणारा हात त्यांच्याच शिष्यांदेखत दाबून धरला. बाई उठल्या, तंबुरा घेतला आणि तिरुवैयारूला भावाकडे निघून गेल्या. सेतुरावांनी माफी मागितली नाही. जेवण मात्र निम्म्यावर आणलं.

गेल्या शुक्रवारी त्या आल्या. राहायला, की उरलेल्या साड्या न्यायला, कोणालाच ठाऊक नव्हतं. ऑटो मात्र दाराशी उभी करून ठेवलेली होती. मी चौकशीच्या निमित्ताने आत जाऊन बसले. शेवटी सेतुराव उठले आणि पियानोशी जाऊन बसले. नेहमीचीच चीज निघाली, आणि सवयीने अंबुजाबाईंचा हात मांडीवर पडू लागला.

आता भडका उडणार म्हणून मी श्वास रोखला. ती रेंगाळायची जागा आली. सेतुराव तिथे थांबलेच नाहीत. बाईंच्या थापेबरहुकूम, शाळेतल्या कवायतीसारखे सरळ चालत राहिले. मात्रा एक चुकली नाही आणि गाण्यात जीव म्हणून उरला नाही. त्या हट्टी माणसाला असं वाजवताना बघून मला फार वाईट वाटलं.

थाप बंद झाली.

"असं नको," अंबुजाबाई म्हणाल्या. "तुमचं आहे तसं वाजवा."

मागे न बघता सेतुराव म्हणाले, "मग तू जाशील."

बाईंनी मला दाराशी उभ्या ऑटोकडे खूण केली, आणि मी बाहेर जाऊन ऑटोवाल्याला परत पाठवलं. मी आत आले तोवर सेतुरावांनी पहिल्यापासून सुरुवात केली होती. त्या जागी ते थांबले, एरवीपेक्षाही जास्त. अंबुजाबाईंचा हात थाप द्यायला वर उचललेला होता. त्यांनी तो तसाच धरून ठेवला, आणि सूर आला तेव्हाच खाली आणला.