एक शब्द शिल्लक

कुंदाताई पेठे आकाशाकडे बघितल्याशिवाय एक शब्द बोलत नाहीत. ही अतिशयोक्ती नाही. अतिशयोक्ती मी फक्त पत्रकांत करते.

आमचा खेळ असा: टेबलावर पंचवीस शब्दांची कार्डं, दोघादोघांचे दोन संघ. आपल्या संघाचे शब्द कोणते, हे दोघांपैकी एकालाच ठाऊक. त्यानं एकच शब्द खूण म्हणून द्यायचा आणि जोडीदारानं ओळखायचं. एका बाजूला इरफान आणि पल्लवी. इरफानचं मंडईजवळ घड्याळांचं दुकान. पल्लवी अमरावतीची, हिंजवडीत नोकरीला. दुसऱ्या बाजूला मी आणि कुंदाताई. टेकडीवरची झाडं वाचवण्यासाठी इरफान, पल्लवी आणि मी कोथरूडमध्ये दारोदार पत्रकं वाटत होतो, तेव्हा अख्ख्या सोसायटीत पत्रक शेवटपर्यंत वाचणाऱ्या कुंदाताई एकट्याच निघाल्या. वाचून म्हणाल्या, "अगं घोषणाबाई, यात उद्गारचिन्हं झाडांपेक्षा जास्त आहेत. चहा घेणार?" तेव्हापासून दर रविवारी चार वाजता आम्ही त्यांच्याकडे.

त्यांनी नोकरीभर हवामान खात्यात ढगांच्या नोंदी केल्या. निवृत्तीनंतर नोंदी थांबल्या, ढग थोडेच थांबतात. गॅलरीच्या दारातून एखादा पांढरा पुंजका सरकायला लागला की कुंदाताईही त्याच्याबरोबर निघतात. आम्ही टेबलाशी, त्या कुठेतरी पुरंदरच्या वर. "बघू, बदलतंय का," हे त्यांचं सगळ्यालाच उत्तर. चहात साखर कमी पडली तरी आणि नगरसेवकानं आश्वासन दिलं तरी.

एकदा त्यांनी खूण दिली, "दुपार". त्यावरून तीन शब्द ओळखायचे होते. मला एकही आला नाही. उत्तर निघालं टेकडी, पातेलं, जावई. "दुपारी टेकडीवर कोणी नसतं, पातेलं रिकामं असतं आणि जावई झोपलेला असतो. यात अवघड काय आहे?"

हेही मी सहन केलं. पण आमचा शेवटचा एक शब्द उरला की त्या खूण न देताच गॅलरीत जाऊन उभ्या राहायच्या. इरफाननं आणलेलं वाळूचं घड्याळ रिकामं व्हायचं, तो ते पुन्हा उलटं करायचा. ऊन भिंतीवरून उतरून फरशीवर यायचं, खाली भंगारवाल्याची हाक लांब लांब जायची, आणि आम्हीही पेंगल्यासारखे होऊन त्याच ढगाकडे बघत बसायचो. मग पल्लवी दचकायची. "बस सुटते ना बाप्पा माझी."

"राहू दे तसंच," कुंदाताई म्हणायच्या. "पुढच्या रविवारी आधी हा शब्द, मग नवा डाव." नव्या डावातही शेवटी एक शब्द उरायचाच.

ही सरळसरळ दडपशाही होती. मी ठराव मांडला: खेळ कॅफेत हलवायचा आणि चौथा भिडू नवा शोधायचा. दोघं गप्प राहिले. ते मी एकमत धरलं. कुंदाताईंना सांगायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी तोंडावर बोलते.

बुधवारी दुपारी गेले. टेबलावर रविवारचा डाव तसाच, त्यावर जाळी झाकलेली. चारही खुर्च्या आम्ही उठताना सरकवल्या तशाच तिरप्या. कुंदाताई ओट्याशी उभ्या राहून वरणभात खात होत्या.

"अहो, टेबलाशी बसा की."

"तिथं तुम्ही आहात ना," त्या म्हणाल्या, मीठ मागावं इतक्या साधेपणानं.

मी पिशवीतून पत्रक काढलं आणि सही हवी होती म्हणाले. सही त्यांनी मागच्याच महिन्यात केली होती. पुन्हा केली.

रविवारी आम्ही बसलो आणि त्या गॅलरीकडे न बघताच म्हणाल्या, "खूण आहे आकाश. बुधवारी तू सहीसाठी आली नव्हतीस, घोषणाबाई. संपवून टाकू या हा डाव, म्हणजे तुम्ही मोकळे."

टेबलावर तीन कार्डं उरली होती: वकील, विहीर, पतंग. पल्लवी माझ्याकडे बघायला लागली. उत्तर ठाऊक असूनही गप्प बसणाऱ्यांविरुद्ध मी आजवर किती पत्रकं लिहिली असतील.

चहाचा कप उचलून मी गॅलरीत गेले. टेकडीच्या वर एकच ढग होता, तोही जागचा हलत नव्हता.

"बघू," मी म्हणाले, "बदलतंय का."

मागं इरफाननं वाळूचं घड्याळ आडवं ठेवलं.