राजूरची विलायत

निरोपाचं सत्ताविसावं जेवण उरकून भीमराज मास्तर भर दुपारी घरी आले, तेव्हा तारवाला उंबऱ्यावर बसून पाणी पीत होता. तार दिल्लीची होती. शिक्षक-अदलाबदल योजनेत मास्तरांनी सहकुटुंब एक वर्ष विलायतेला जायचं आणि तिकडचे एक मास्तर सहकुटुंब मारेगावात यायचे, असं ठरलं होतं. पण त्या विलायती मास्तरांच्या जुळ्या मुलांना गोवर निघाला. म्हणून दोन्हीकडचं जाणं-येणं तीन महिने पुढं ढकललं होतं.

मास्तर खाटेवर बसले. अकरा वर्षं ते पोरांना समुद्र शिकवत होते. भरती, ओहोटी, खारे वारे, सगळं. स्वतः मात्र त्यांनी वर्धा नदीपेक्षा मोठं पाणी पाहिलं नव्हतं. विलायतेत शिकवायचं ते शिकवायचंच, पण बोटीच्या कठड्याला धरून तीन आठवडे नुसतं पाणी बघायचं, ही त्यांची खरी हौस. ती त्यांनी फक्त बायकोला सांगितली होती.

"तीनच तं महिने हायेत," ते म्हणाले. "थांबू. गावात सांगून येतो."

"काय सांगसान?" इंदूबाईंनी हातातला स्वेटर खाली ठेवला. "सत्तावीस घरचं जेवलो आपन. मारोतराव पाटलाच्या घरी मले आंदर पाटावर बसवलं. त्याच घरी पयले मले वरून पानी वाढत होते. आता त्यायले सांगता का, का गोवर निघाला?"

सहा वर्षांपूर्वी नागपूरला जाऊन मास्तरांच्या घरानं धम्मदीक्षा घेतली, तेव्हापासून गावातली काही घरं त्यांना आणखीच लांबून बोलत. विलायतेचं पत्र आलं आणि त्या घरांचे उंबरे एकेक करून बुटके झाले. आता ते पुन्हा उंच झाले तर चढायचे कसे, हा इंदूबाईंचा प्रश्न होता.

तरी मास्तर पाटलांकडे गेले. मारोतरावांनी तार ऐकली आणि अडकित्ता थांबवला.

"मास्तर, विषय असा हाय. विलायतेले जाऊन राह्यले म्हनून मी तुमाले आंदर बसवलं. भावकी अजून माह्यासंग धड बोलत नाही. आता तुमी गेलेच नाही, तं मी आंदर बसवलं कोनाले?"

मास्तरांनी तारेची घडी घालून खिशात ठेवली.

"बुधवारी ब्यांड सांगून ठेवला हाय," मारोतराव म्हणाले. "बुधवारी तुमी जा. कोठी जाता, ते मी पुसत नाही."

बुधवारी मास्तर, इंदूबाई, दोन लेकी आणि मास्तरांची आई पंचफुला, असे पाच जण हार घालून वणीच्या मोटारीत बसले. बँड वाजला. शाळेत हेडमास्तर बाबारावांनी हजेरीपटात मास्तरांच्या नावापुढं 'परदेशी' असं लिहून शिक्का मारला. वणीला उतरून मंडळी राजूरला गेली. तिथं कोळशाच्या खाणीत इंदूबाईंचा भाऊ उकंडा कामाला होता आणि त्याला दोन खोल्यांचं क्वार्टर होतं.

उकंडानं दार उघडलं तर समोर पाच हार.

"काहून, विलायत बंद हाय का आज?"

"तीन महिने हेच," असं म्हणून इंदूबाई आत शिरल्या.

राजूर वेगळंच होतं. सकाळी वाळत घातलेलं पांढरं लुगडं दुपारी करडं व्हायचं. एका शेजारी बिलासपूरकडचे, दुसऱ्या शेजारी तेलुगू, मागं गोंड. भोंगा वाजला की सगळ्या भाषा एकदम जेवायला बसत. पंधरा दिवसांत पंचफुला नळावर तेलुगूत भांडायला लागली.

सोळाव्या दिवशी त्याच नळावर तिला मारेगावचे नानाजी भेटले. घर रंगवायचं म्हणून ते भट्टीवर चुना न्यायला आले होते.

"मावशी? तुमी तं विलायतेले गेलत्या ना?"

पंचफुला जन्मात खोटं बोलली नव्हती. "भीम्यानं आनलं तेथ आलो," ती म्हणाली.

नानाजी विचारात पडले. सत्तावीस घरांत त्यांचंही घर होतं. पुरणपोळीवर तूप वाढताना त्यांनी हात आखडला नव्हता. म्हातारी विलायतेत नसेल, तर ते तूप गेलं कुठं?

"थंडी असते का इकडं?"

"पहाटे असते."

"अन् लोकायची भाषा?"

"कोनाची कोनाले समजत नाही."

"बरोबर हाय मंग," नानाजी समाधानानं म्हणाले आणि चुना घेऊन परत गेले.

पुढच्या रविवारी मारेगावहून दोन बैलगाड्या भरून माणसं विलायत बघायला आली. शिदोऱ्या घरच्याच होत्या. राजूर हा शब्द कुणीही तोंडातून काढला नाही. मारोतराव खाणीच्या तोंडाशी बराच वेळ उभे राहिले. खालून काळी माणसं वर येत होती, वरून काळी माणसं खाली जात होती.

"एवढं मोठं राज्य चालवलं यायनं," ते म्हणाले, "ते उगाच नाही."

जाताना त्यांनी उकंडाशी हात मिळवला. तिकडं तशी पद्धत असते, हे त्यांना माहीत होतं.

तीन महिने सरत आले तसं दिल्लीचं पत्र आलं. गोवर बरा झाला होता, बोट पुढच्या महिन्यात होती. मात्र उमेदवारानं मध्येच राजूरचा पत्ता कळवल्यामुळं, तो आपल्या गावी हजर असल्याचा हेडमास्तरांचा दाखला हवा होता. मास्तर त्याच दिवशी मारेगावला धावले.

बाबारावांनी हजेरीपट उघडला, मिटला. "कसा देऊ? दप्तरी तुमी परदेशी आहा."

"सर, मी तुमच्यासमोर उभा आहो."

"उभे आहा, ते दिसून राह्यलं मले. पन शिक्का मारेल हाय." बाबाराव माणूस वाईट नव्हते. त्यांनी चष्मा पुसून मार्ग काढला. "तुमी आधी परत या. परत आल्याची नोंद घेतो. मंग हजर आहा, असं लिहून देतो."

त्याप्रमाणे शनिवारी मास्तर विलायतेहून सहकुटुंब परतले. बँड पुन्हा वाजला. मारोतराव भाषणात म्हणाले की मास्तर होते तसेच राहिले, वारं लागलं नाही. सोमवारी दाखला दिल्लीला गेला : 'श्री. भीमराज हे परदेशाहून परतले असून गावी हजर आहेत.'

दिल्लीचं उत्तर वीस दिवसांत आलं. एकदा परदेशी जाऊन आलेल्या शिक्षकाला पाच वर्षं पुन्हा जाता येत नाही, सबब नाव कमी केलं आहे. परदेशातल्या वास्तव्याचा अहवाल दोन प्रतींत पाठवावा.

 बोट गेली त्या दिवशी मास्तर वर्गात गेले नाहीत. तिसऱ्या दिवशी इंदूबाईंनी दौत आणि कागद आणून समोर ठेवले.

"लिवा."

"काय लिहू, इंदू?"

"जे पाह्यलं ते. खोटं कायले लिवता?"

मास्तरांनी अकरा पानं लिहिली. जमिनीखाली राबणारी माणसं, चार भाषांतली एक गल्ली, शेजारच्या तेलुगू बाईनं लेकीच्या तापात रात्रभर ठेवलेल्या पाण्याच्या पट्ट्या, मेहुण्यानं आणि त्याच्या बायकोनं स्वतः ओट्यावर झोपून दिलेली खोली. शब्दाला शब्द खरं. देशाचं नाव तेवढं लिहिलं नाही, कारण अहवालाच्या फॉर्मात ते विचारलंच नव्हतं. वास्तव्याचा पत्ता विचारला होता, तो दिला.

महिन्याभरानं पुन्हा पाकीट आलं, तेव्हा उकंडा बहिणीकडे आलेला होता. मास्तरांनी मोठ्यानं वाचलं. असा अहवाल योजनेत आजवर आला नव्हता. पुढच्या वर्षी चार शिक्षक सहकुटुंब त्याच ठिकाणी, त्याच यजमानांकडे पाठवण्याचं ठरलं होतं.

"चार?" उकंडा खाटेवर टेकला. "लेकरायसकट?"

"थांब जरा," मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता. "यातले एक रत्नागिरीचे आहेत. अदलाबदलीच्या नियमानं, तिकडचा मास्तर म्हणून, त्यांच्या जागी वर्षभर मी शिकवायचं. राहायचं त्यांच्याच घरी. घर..." त्यांनी ती ओळ पुन्हा वाचली. "घर समुद्राच्या काठाले हाय."

 इंदूबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या आणि मग उगाचच चुलीतलं लाकूड मागं-पुढं करू लागल्या.

"भीम्या," कोपऱ्यातून पंचफुलानं विचारलं, "हे रत्नागिरी कोन्या देशात येते?"

"आपल्याच, माय."

"म्हन्जे समुद्र आपल्याच घरचा हाय," म्हातारी म्हणाली. "मंग एवढे दिवस सांगतलं काहून नाही?"