देहात उजेड उतरला त्याची बखर

श्रीसूर्यनारायण साक्ष. शके सोळाशे सोळा, भाव नाम संवत्सरी, एके राज्यात त्रिमळभट वैद्य म्हणून थोर बुद्धीचे पुरुष होते, त्यांची हकीगत घडली तैसी लिहिली आहे. त्यांचे मनी ऐसे आले की, दिव्यापुढे हात धरिला तो लाल उजेड दिसतो, आतले काही दिसत नाही, कारण उजेड दुधात फाकावा तैसा मांसात फाकतो. आणि कोरडा कागद तेल प्यायला म्हणजे आरपार दिसतो, तैसेच कातडीस काही पाजावे. मग नाना औषधी घोटल्या आणि एक पिवळा लेप साधला, तो मनगटास चोळून दिवा धरिला तो आतल्या शिरा लख्ख दिसो लागल्या, आणि लेप धुतला की कातडी पूर्ववत. राजेश्री बहुत संतोष पावले, शालजोडी दिली, पालखी दिली, आणि आज्ञा केली की जो पाहुणा येईल त्यास हा चमत्कार दाखवावा. मग आज वकील, उद्या व्याही, परवा जहागीरदार. वैद्य पालखीतून मिरवले आणि उजेड नखाएवढाच खोल राहिला.

तो त्यांचे कुटुंब भिवराबाई यांचे उरी गाठ आली. बाई म्हणाल्या, "अवघ्यांचे पाहता, माझेही पाहावे." वैद्य म्हणाले, "इतके खोल अजून जात नाही. दसऱ्याचा दरबार उरकू दे, मग लेपास बसतो." बाई म्हणाल्या, "बरे, घाई नाही," आणि पदर सारखा करून पान वाढावयास गेल्या. दसरा जाहला, मग राजकन्येचे लग्न निघाले, मग गाठ फुटली, आणि माघात बाई निवर्तल्या.

मग वैद्यांनी पालखी परत पाठविली, राजेश्री रुष्ट जाहले तरी दरबारी गेले नाहीत, आणि लेप दाट करावा, पातळ करावा, आपलेच अंगास लावून पाहावा, ऐसे करिता दुसरे वर्षी उजेड दोन बोटे खोल गेला. तेव्हा दूर गावची एक शिंपीण, चिमाऊ नावाची, आली, तिचे उरातील गाठ वाटाण्याएवढी असताच दिसली, शस्त्रवैद्यांनी काढिली आणि बाई वाचली. ती बरी होऊन चोळी घेऊन आली आणि म्हणाली, "ही वैद्यीणबाईंस द्यावी, माझ्या हातची शिवण आहे. अंगास घट्ट जाहली तर उसवून देईन."

वैद्यांनी चोळी घेतली आणि म्हणाले, "होईल बरोबर."

येणेप्रमाणे देहात उजेड उतरला. राज्यात पुष्कळांचे कल्याण जाहले. वैद्यांचे घर तेवढे रिते राहिले. इति.