बाबलकाकांची बर्फगाडी

आमच्या फ्रीझरमध्ये सुरमईच्या तुकड्यांशेजारी इंजिन ऑइलच्या पाच बाटल्या असत. लोणच्याच्या रिकाम्या काचेच्या बाटल्या, प्रत्येकीवर चिकटपट्टी आणि तिच्यावर बाबलकाकांच्या अक्षरात तेलाचा नंबर. एकदा आईने घाईत त्यातली एक उचलून तव्याशेजारी ठेवली होती. सुरमई वाचली ती केवळ वासामुळे.

बाबलकाका आमचे नातेवाईक नाहीत. सिंधुदुर्गात एकाच खाडीच्या अलीकडे आमचं गाव आणि पलीकडे त्यांचं, एवढंच नातं. इथे बहरीनमध्ये, हिद्दच्या औद्योगिक भागात एका गॅरेजमध्ये ते पंचवीस वर्षं मेस्त्री आहेत. राहतात आमच्याच इमारतीत, तळमजल्यावर, एका खोलीत पाच जण. त्यांच्या फ्रिजला फ्रीझर नाही. आई पाच-सहा जणांना डबा देते, त्यात त्यांचा एक. संध्याकाळी रिकामा डबा घेऊन आले की दारातूनच विचारायचे, "वयनी, बाटल्यो बऱ्यो आसत मां?"

"बऱ्यो आसत," आई म्हणायची. "मासळीन काय दुखापत केली नाय त्यांका."

मग ते फ्रीझर उघडून एकेक बाटली काढत, आडवी धरत आणि तेल झाकणापर्यंत पोचायला किती वेळ लागतो ते मोठ्याने मोजत. एक, दोन, तीन. एका बाटलीतलं तेल काकवीसारखं जागचं हलतच नसे. ती बाटली ते लगेच आत ठेवून देत, तिच्याकडे बघतही नसत.

त्यांना कुठलीही अडचण सांगा, त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला. "तेल खयचा?" म्हणजे कुठलं तेल घातलंय? लिफ्ट अडकली, तेल खयचा? बाबांचा गुडघा दुखतो, तेल खयचा? मला एका विषयात कमी मार्क पडले तेव्हा त्यांनी बराच विचार करून विचारलं, "पेपराक जाताना डोक्याक तेल खयचा लावललंस?" समोरच्या घरातल्या मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं, तेव्हा नुसतीच मान हलवली. "तेल घट्ट होता," म्हणाले. त्याचा अर्थ आम्हाला कळला नाही, पण खोटं आहे असंही कुणाला वाटलं नाही.

आम्ही हसायचो. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सांगताना मला त्याची लाज वाटते.

तर ही गाडी. गॅरेजच्या अर्बाबला, म्हणजे मालकाला, जुन्या गाड्यांचा शौक. रिफाला त्याचं फार्महाउस आहे, तिथे एका शेडमध्ये दहा-बारा जुन्या गाड्या झाकून ठेवलेल्या असतात. त्याने कुठल्याशा थंड देशातून एक बर्फावर चालणारी गाडी मागवली. चाकांच्या जागी दोन्ही बाजूंना रुंद रबरी पट्टे, पट्ट्यांवर आडव्या लोखंडी कांबी, वर नारिंगी रंगाची लहानशी केबिन. ज्या दिवशी ती कंटेनरमधून उतरली, त्या दिवशी बाहेर चाळीस डिग्री होतं. गॅरेजमधली सगळी माणसं तिला रणगाडा म्हणू लागली. एक पंजाबी वेल्डर बाबलकाकांना रोज सॅल्यूट ठोकायचा. "जनरल साब, लडाई कब है?"

"आधी तेल बघूक होया," जनरल म्हणायचे.

गाडी म्हणजे सांगाडाच होता. पट्ट्यांचं रबर इतकं चिरलेलं की बोट घातलं तर पलीकडून निघेल. बाबलकाकांनी बंदरावरच्या भंगारातून माल वाहून नेणाऱ्या पट्ट्याचं जुनं रबर आणलं आणि मापाने कापलं. वाकलेल्या कांबी एकेक करून सरळ केल्या. कार्ब्युरेटर सोडवून त्यातली केसाएवढी भोकं तारेने साफ केली. मग इंजिन सुरात लावायला बसले. स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनवर, मूठ कानाला आणि डोळे मिटलेले. दुसऱ्या हाताने कार्ब्युरेटरचा स्क्रू चतकोर फेरा पुढे, चतकोर मागे. "खोकता हा अजून," ते म्हणायचे. आणि मग एकदम, "आता बोलाक लागली."

मी हे पाहिलं, कारण त्या गाडीचं माहितीपुस्तक आमच्यापैकी कुणालाच न येणाऱ्या भाषेत होतं. मी मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच, त्यामुळे मला सगळं येत असणार असा लोकांचा समज असतो आणि तो मोडायचं धाडस मला होत नाही. मी मोबाइलवर एकेक पान भाषांतर करून त्यांना वाचून दाखवायची. शुक्रवारी सुट्टी असली की जेवणानंतर तेच काम.

जूनपर्यंत गाडी सुरू झाली, पुढे-मागे चालली. अर्बाब येऊन खूश होऊन गेला. "बाबल, खलास! चमकती है, चलती है. यल्ला, चलो, रिफा भेजो."

"नाही अर्बाब. थंडी में टेस्ट बाकी है."

अर्बाबने आकाशाकडे बघितलं. मग बाबलकाकांकडे. "थंडी? बहरीन में?"

"हां."

"इंशाल्ला," अर्बाब म्हणाला. बहुतेक वेळा या शब्दाचा अर्थ 'नाही' असा असतो. पण माणूस बरा होता, त्याने महिनाभर मुदत दिली. त्यानंतर एका शनिवारी त्याचे मित्र फार्महाउसवर जमणार होते, त्या दिवशी गाडी रिफाला हवी होती. मित्रांना ती वाळूवरच चालवून दाखवायची होती. पण बाबलकाकांनी मनात धरलं होतं की गाडी हातातून जाण्याआधी एकदा तरी ती उणे वीसमध्ये सुरू झालेली बघायची. का, ते सांगत नव्हते. बाटल्या त्यासाठी होत्या. त्यात पातळ तेलं होती, मध्यम होती आणि ती एक काकवीसारखी.

मुदत संपायला दहा दिवस असताना मी पुस्तकातलं तेलाचं पान वाचून दाखवत होते. आम्ही आमच्या स्वयंपाकघरात बसलो होतो. कॉलेजात नुकताच तो धडा झाला होता, त्यामुळे मला आपलीही भर घालावीशी वाटली. मी म्हणाले, "काका, बघा, इथेही तेच लिहिलंय. कडक थंडीत घट्ट तेल घातलं की ते मेणासारखं होतं, स्टार्टर फिरतच नाही. आमचे सर म्हणतात, थंडीत ट्वेंटी-फिफ्टी, म्हणजे ते घट्ट तेल, घालणाऱ्याला मेस्त्री म्हणू नये. ही अगदी मूर्खपणाची चूक आहे."

बाबलकाकांच्या हातात ती काकवीवाली बाटली होती. त्यांनी ती हळूच फ्रीझरमध्ये ठेवली, दार लावलं, "बराबर सांगता तुझो मास्तर," म्हणाले आणि गेले. डबा तसाच ओट्यावर राहिला.

दोन दिवस ते आले नाहीत. आईने दोन्ही दिवस डबा खाली पाठवला, पहिल्या दिवशीचा भरलेलाच परत आला.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी एकटी घरी होते. ते आले आणि दारातच उभे राहिले, आत या म्हटलं तरी आले नाहीत. रिकामा डबा एका हातातून दुसऱ्या हातात घेत त्यांनी सांगितलं. त्यांचा मुलगा प्रसाद तीन वर्षांपूर्वी गेला, एवढं आम्हाला माहीत होतं. वर हिमालयात कुठल्याशा ठेकेदाराकडे रस्त्याच्या कामावर होता, बर्फात सापडला, एवढंच बाबा म्हणाले होते. उरलेलं कुणालाच माहीत नव्हतं.

"माका फोन केल्यान," बाबलकाका म्हणाले. "अप्पा, जीप जुनी आसा, इंजिन आवाज करता, सकाळी तरास देता. काय करू? मी सांगलंय, ट्वेंटी-फिफ्टी घाल. हय आमी सगळ्यांका ताच घालतो. जुन्या इंजिनाक घट्ट तेल, आवाज बंद. पंचवीस वर्सा ह्या उन्हात काम केलंय गो. थंडी कशी आसता माका काय ठाऊक?"

बर्फ पडायला लागला तेव्हा कामावरची माणसं दोन गाड्यांतून खाली निघाली. प्रसादची जीप सुरू झाली नाही. तुम्ही व्हा पुढे, मी येतो मागून, असं तो म्हणाला. मेस्त्रीचा मुलगा होता, गाडी सोडून जाणं त्याला जमलं नसेल. बॅटरी संपेपर्यंत त्याने स्टार्टर मारला असावा, मग चालत निघाला. दोन दिवसांनी सापडला.

मी म्हणाले, "काका, बॅटरीच कमजोर असेल. थंडीत बॅटरीपण—"

"ताच तीन वर्सा मी स्वतःक सांगतंय," ते म्हणाले. "दुसऱ्याचो पोरगो आसतो तर बापाचा ऐकलो नसतो. माझो झील ऐकणारो."

मग त्यांनी डबा माझ्या हातात दिला आणि जिना उतरून गेले.

माझे बाबा फ्रीझर ट्रेलर चालवतात. बंदरावरून गोठवलेली कोंबडी आणि मासे उचलायचे आणि गोदामांत पोचवायचे. तो ट्रेलर म्हणजे चाकांवरचं उणे वीस. ही गोष्ट इतके दिवस आमच्या कुणाच्या डोक्यात आली नाही, बाबलकाकांच्या आली असेल तरी त्यांनी मागितलं नाही. कंपनीला कळलं तर बाबांची नोकरी जाईल, आणि बाबांच्या व्हिसावर आम्ही सगळे इथे. मी बाबांना तेलाचं काहीच सांगितलं नाही. एवढंच म्हणाले, की काकांना गाडी थंडीत सुरू करून बघायची आहे आणि शनिवारी ती जाणार आहे.

बाबा जेवत होते. त्यांनी भाताचा घास कालवला, पुन्हा कालवला. "शुक्रवारी सांजेक ट्रेलर धुवूक जाता," म्हणाले. "तोपर्यंत रिकामो आसता." आई म्हणाली, "बाबलभावजींका बर्फात बसवतल्यात, माझ्या मासळीचा काय?" पण ते बोलताना तिने डोळे पुसले. तिला कुणी सांगितलं होतं, की तिला आपलं आपणच कळलं होतं, मी अजून विचारलेलं नाही.

शुक्रवारी पहाटे गाडी साखळीने ओढून ट्रेलरमध्ये चढवली. धूर बाहेर यावा म्हणून तिची पाठ दाराकडे. तेल पातळ, फाइव्ह-थर्टी. दार बंद करून उणे वीस लावलं आणि आम्ही गॅरेजच्या सावलीत बसलो. पंजाबी वेल्डर सुट्टी असून आला होता. त्याने त्या दिवशी सॅल्यूट केला नाही.

दुपारी अडीचला दार उघडलं. आतली थंडी पांढऱ्या धुक्यासारखी खाली ओघळली आणि तापलेल्या डांबरावर पसरून नाहीशी झाली. बाबलकाकांनी बाबांचं कामाचं जाड जाकीट घातलं, कानटोपी ओढली. सेहेचाळीस डिग्रीत कानटोपी घातलेला माणूस बघून एरवी आम्ही पोट धरून हसलो असतो. कांबी धरून ते आत चढले.

पहिल्यांदा स्टार्टर जडपणे फिरला आणि थांबला. बाबांनी माझा खांदा धरला. ते धरतायत की धरून उभे आहेत, ते मला कळेना. दुसऱ्यांदा स्टार्टर फिरला, इंजिन खोकलं, पुन्हा खोकलं आणि पकडलं. ट्रेलरचा पत्रा थरथरायला लागला. वेल्डर ओरडला, "जनरल साब!" बाबांनी टाळ्या वाजवल्या. धूर आमच्या अंगावर आला तरी कुणी हललं नाही.

दोन मिनिटं इंजिन एका सुरात चाललं, मग बंद झालं. आम्ही वाट बघितली. ते उतरेनात.

बाबांनी मला पुढे केलं. मी आत गेले. केबिनच्या काचेवर आतून वाफ गोठली होती. बाबलकाका दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोर बघत होते. मिशीवर पांढरं साचलं होतं. मला बघून ते म्हणाले, "पातळ तेल आसता तर तेची जीप चालू झाली आसती गो."

मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते? नाही म्हणणं खोटं होतं, आणि हो म्हणणं त्याहून वाईट.

"चल," ते म्हणाले. "तुझो बापूस घामान मरत आसतलो भायर."

त्याच संध्याकाळी त्यांनी पातळ तेल काढून ट्वेंटी-फिफ्टी भरलं. बहरीनच्या वाळूत तेच लागतं. शनिवारी गाडी रिफाला गेली. अर्बाबचे मित्र तिच्यात बसून फोटो काढत होते म्हणे.

चार बाटल्या त्यांनी नेल्या. फाइव्ह-थर्टीची एक ठेवून गेले, की विसरले, माहीत नाही. आई फ्रीझर साफ करताना ती बाहेर काढते, आडवी धरते, तेल झाकणापर्यंत पोचू देते आणि परत सुरमईशेजारी ठेवते. बाबलकाका अजून डब्याला येतात. आता ते बाटल्यांची खुशाली विचारत नाहीत. कुणाचं काही अडलं तरी तेल खयचा म्हणत नाहीत. लिफ्ट परवा पुन्हा अडकली, तर मुकाट्याने चार मजले चढून आले.

हे लिहिण्याआधी मी त्यांना विचारलं. लिहू का, तुम्हाला चालेल का, नावं बदलेन, असं बरंच काहीतरी पुटपुटले. ते डब्याचं झाकण लावत होते. त्यांना ते पहिल्या खेपेला बसलं नाही, दुसऱ्या खेपेला बसलं.

"लिही," म्हणाले. "पण तेलाचो नंबर बराबर घाल. थंडीत फाइव्ह-थर्टी. कोणाचो तरी झील वाचीत."