परमनंटचे मेमो

आमच्या पास्कलकाकांनी त्यांच्या कुत्र्याला आजवर एकवीस मेमो दिले आहेत. तोंडी नव्हे, लेखी. रेघांच्या कागदावर मजकूर, खाली सही, मूळ प्रत कुत्र्याला वाचून दाखवायची आणि कार्बन कॉपी ओट्यावरच्या खिळ्याला टोचायची. वाचन चालू असताना कुत्र्याने उभं राहायचं असा नियम आहे. तो कान पाडून उभा राहतो आणि "सक्त समज देण्यात येत आहे" हे शब्द आले की मोठी जांभई देतो.

बोळिंजला आमच्या सोसायटीच्या भिंतीला लागून काकांचं कौलारू घर आहे, मागे केळीची वाडी. मी रोज कामावर जातो तो रस्ता त्यांच्या फाटकावरूनच जातो. काका एकटे. काकू जाऊन बरीच वर्षं झाली. सातिवलीच्या एका कारखान्यात ते एकतीस वर्षं टाइमकीपर होते. कोण किती वाजता आला, कोणी कोणाचं कार्ड मारलं, यावर नजर ठेवायची. जन्मभर दुसऱ्यांची हजेरी लावली, पण स्वतः शेवटपर्यंत टेंपररीच राहिले. म्हणून कुत्रा घरी आणला त्याच दिवशी त्याचं नाव ठेवलं परमनंट.

"ह्याला आता कोणी काढू शकत नाही," ते मला म्हणाले होते. "मालक पण नाही."

ते ऐकताना माझ्या तोंडचं पाणी पळालं. कारण परमनंट तेव्हा फाटकावरून उडी मारून माझ्या छातीवर आला होता, माझी हनुवटी चाटत होता आणि आनंदाने त्याने माझ्या बुटावर मुतून ठेवलं होतं.

सांगून टाकतो. तो कुत्रा माझा होता.

आम्ही नालासोपाऱ्याला भाड्याने राहत होतो तेव्हा हौसेने दत्तक घेतलेला. रस्त्यावरचं पिल्लू, डावा कान अर्धा मोडलेला. मी त्याचं नाव झंप्या ठेवलं आणि त्याने ते नाव जन्मभर पुरेल इतकं सार्थ केलं. चार महिन्यांत सोफा फाडला, रिमोट खाल्ला, शेजारच्या आजींना जिन्यात आडवं केलं. मी त्याला बाल्कनीत कोंडायला लागलो, मग तो भुंकायला लागला, मग मी त्याला वेडा म्हणायला लागलो. बोळिंजच्या नव्या फ्लॅटचा ताबा मिळाला तेव्हा मी आणि बायकोने ठरवलं की नव्या घरात ही ब्याद नको. सामानाचा टेंपो पुढे गेला आणि मी झंप्याला स्कूटरवर पुढ्यात घेऊन सातिवलीला गेलो. एका कारखान्याच्या गेटसमोर त्याला बिस्किटाचा पुडा फोडून दिला. तो खाण्यात गुंतलाय असं बघून स्कूटरला किक मारली. आरशात पाहिलं नाही.

सहा महिन्यांनी तोच कुत्रा माझ्या भिंतीपलीकडे राहायला आला. बायकोने त्याला एकदाच खिडकीतून पाहिलं आणि पडदा ओढला. त्या विषयावर आम्ही दोघं आजतागायत एक शब्द बोललेलो नाही. काकांना कळू नये, एवढी एकच प्रार्थना मी येता-जाता करत असे.

काकांनी मात्र त्याला सरळ कामावर लावलं. सकाळी सातला शिट्टी. तो भोंगा. पहिली पाळी: वाडीला पाच फेऱ्या. मग केळीची सुकी पानं दोरीने ओढत खड्ड्यापर्यंत नेणं. अकराला चहा, म्हणजे काकांना चहा आणि परमनंटला बटर. दुसऱ्या पाळीत केळीच्या घडांवर येणारे कावळे हाकलायचे. शेजारचा बोका आला तर ओव्हरटाइम.

"शिंदे, काम नसलं की कामगार युनियन करतो," काका मला फाटकाशी धरून समजावायचे. "हा वेडा नाही. कोणीतरी ह्याला रिकामा बसवला होता."

मी घड्याळात बघून "उशीर होतोय" म्हणायचो.

मेमोंची कारणं वाचण्यासारखी आहेत. मेमो क्रमांक चार: फादर घरी प्रार्थनेला आले असता त्यांची चप्पल कामाच्या वेळेत चावणे. क्रमांक नऊ: नाताळच्या देखाव्यातील गोठ्यातून एक मेंढरू व तीन राजांपैकी एक राजा परवानगीशिवाय बाहेर नेणे. राजा सापडला, त्याचं डोकं सापडलं नाही. काकांनी पुढचा आठवडाभर गोठ्यात दोनच राजे ठेवले आणि येणाऱ्याला सांगितलं, "तिसरा रजेवर आहे." कुत्र्याला झापतात ते शुद्ध ऑफिशियल मराठीत. तो झोपला की त्याच्याशी घरच्या बोलीत काहीतरी पुटपुटत बसतात, ते मला अर्धंच कळतं.

सहा महिन्यांत सोसायटीतली मुलं त्या कुत्र्याची शेपटी धरून फिरायला लागली. पण मी दिसलो की सगळं शिक्षण धुळीला मिळायचं. किंकाळ्या, उड्या, दोरी तोडणं. चार लोक बघत, कोणी तरी हमखास म्हणे, "शिंदे, पूर्वजन्मीचं नातं दिसतंय!" आणि मी ओशाळून हसत असे. मग मी मासळी बाजारावरून लांबचा रस्ता धरला. घरी यायला वीस मिनिटं जास्त लागायची.

तेव्हा काकांनी एक नवीन हुकूम काढला: "अनोळखी!" हा हुकूम फक्त माझ्यासाठी होता. संध्याकाळी लांबच्या रस्त्याच्या तोंडाशी सुद्धा ते कुत्र्याला घेऊन उभे असायचे. मी आलो की "अनोळखी!" आणि कुत्र्याने खाली बसायचं, बघायचं, हलायचं नाही. तीन महिने रोज. कुत्रा दर वेळी नापास. काका दर वेळी त्याला शांतपणे परत बसवायचे. ह्या माणसाला माझ्यावरच कसला डूख आहे, असं मला वाटायला लागलं.

गेल्या रविवारी तो पास झाला. चर्चमधली मिस्सा सुटली होती, रस्ता माणसांनी भरलेला. काका म्हणाले, "अनोळखी!" परमनंट बसला. सबंध अंग थरथरत होतं, डोळे माझ्यावर खिळलेले, पण तोंडातून आवाज नाही. मी चारचौघांसारखा त्याच्यासमोरून निघून गेलो. दहा पावलं गेलो आणि पुढे जाववेना. परत फिरलो.

"काका, सगळ्या गावाला तो ओळखतो. मलाच का अनोळखी?"

काकांनी माणसं पुढे जाऊ दिली. मग म्हणाले, "तो उडी मारायचा ना, तेव्हा तुझी मान खाली जायची. वर्ष होत आलं, बघतोय. त्याला शिकवणं सोपं होतं."

"तुम्हाला कधी कळलं?"

"पहिल्याच दिवशी. दुसऱ्याचं कार्ड मारणारा मी चेहऱ्यावरून धरायचो, एकतीस वर्षं. तुझा तेव्हा तसाच चेहरा होता."

"मग बोलला का नाही?"

"बाविसावा मेमो लिहिला होता, तुझ्या नावाचा. फाडला." ते कुत्र्याच्या मोडक्या कानावरून हात फिरवत राहिले. "माझी नोकरी संपली तरी मी सकाळी बस पकडून सातिवलीला जायचो. गेटसमोर चहा प्यायचा, भोंगा झाला की परत. आत कोणी बोलवत नव्हतं. हा पण तिथंच बसलेला असायचा, पाऊस असो, ऊन असो. स्कूटरचा आवाज आला की उठायचा. तो तुझी वाट बघत होता. मी कोणाची बघत होतो, मला अजून माहीत नाही. एक दिवस म्हटलं, चल, दोघं घरी जाऊ."

मला रडू आलं, लाजेने. रस्त्यातच मी त्या कुत्र्यासमोर उकिडवा बसलो आणि जवळजवळ दीड वर्षाने त्याला हाक मारली, "झंप्या."

तो हलला नाही. त्याने आधी काकांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्याने एकदा तरी उडी मारावी, माझा शर्ट फाडावा, असं मला फार वाटलं. पण हुकूम म्हणजे हुकूम. तो तसाच बसून राहिला. फक्त त्याची शेपटी मातीवर जोरजोरात आपटत होती. तिला शिकवायचं काकांचं राहून गेलं होतं.