यांचं संमोहन आणि माझी अर्धशिशी

"माझ्या आवाजाने अख्खा वर्ग झोपतो. तुझी अर्धशिशी ती काय!" असं आमचे हे म्हणाले होते. हे शाळेत भूगोल शिकवायचे, त्यामुळे पहिल्या वाक्यावर माझा पूर्ण विश्वास होता.

गोष्ट आमच्या संसाराच्या कोवळ्या दिवसांतली. डोकं उठलं की माझ्या अर्ध्या कपाळात लोहार दुकान थाटायचा. उजेड नको, आवाज नको. आणि घर असं, की मला हाक मारल्याशिवाय कुणाचं पान हलायचं नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गोळ्या चालू ठेवा. जोडीला संमोहन शिकून घ्या, काहींना आराम पडतो." शिकायला मी जायचं होतं. गेले हे. "तुला वेळ कुठाय?"

एका दुपारी डोकं ठणकत असताना यांनी मला आरामखुर्चीत बसवलं.

"डोळे मिट. तू पायऱ्या उतरतेयस. खाली गार झरा आहे."

दारात मटार सोलत बसलेल्या सासूबाई म्हणाल्या, "झरा आहे तर पाय धुऊन घे गं."

"आई, तू मध्ये बोलू नकोस. हं, झरा दक्षिणेकडे वाहतोय. पुढे त्याला दोन उपनद्या मिळतायत…"

आवाजाला वर्गातली लय आली आणि थोड्या वेळाने तो थांबलाच. मी एक डोळा उघडला. सासूबाईंची मान परातीवर कलली होती. शर्टाचं बटण लावून घ्यायला आलेले भाऊजी शर्टासकट पलंगावर आडवे. आणि हे खुर्चीत ताठ बसून, बोट वर करून घोरत होते.

कुणीही मला हाक मारत नव्हतं. लग्नानंतर पहिल्यांदाच. मी तशीच पडून राहिले आणि लोहार हळूहळू दुकान आवरून गेला.

हे दचकून जागे झाले. "उतरलं ना?"

"उतरलं," मी म्हटलं. खोटं नव्हतंच ते. त्यांचा चेहरा असा उजळला, की हे जाऊन इतकी वर्षं झाली तरी तो तसाच डोळ्यांपुढे येतो. खरं कारण सांगायचा धीर मला कधी झाला नाही.

पुढच्या रविवारी शाळेतले निम्मे शिक्षक आपापल्या बायकांना घेऊन बाहेरच्या खोलीत हजर. हे स्वयंपाकघरात डोकावून हळूच म्हणाले, "सगळ्यांना चहा टाकतेस? आणि बाहेर येताना जरा हसत ये. तुला बघूनच त्यांचा विश्वास बसणार आहे."